पिन फ्लश होती

टिंगरेनगर, पुणे

चि. मनू हिस,
अ. उ. आ.

रविवारी आपलं बोलणं अर्ध्यातच तुटलं. सुखोई उठले की आपल्याकडे फोन कानाला लावून उपयोग नसतो, तुला ठाऊकच आहे. तसंही हे सगळं मला फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

तुला आलेलं काम विमानदुरुस्तीचं, हैदराबादच्या हँगरमध्ये, पगार देणारी कंपनी तिसरीच, आणि कंत्राट अकरा महिन्यांचं. तू विचारलंस, "बाबा, ही खरी नोकरी आहे का?" काम तर खरंच आहे गं. नोकरीचं काय सांगू?

हवाई दलातून सुटून मी लोहगावलाच विमान कंपनीत लागलो तेव्हा स्टेशनवर, म्हणजे विमानतळावरच्या कंपनीच्या ठाण्यात, आम्ही नऊ जण होतो. सगळे कंपनीच्या पगारावरचे. मग एका एप्रिलात लहान स्टेशनांचं मेंटेनन्स कंत्राटदाराकडे गेलं. विमानं तीच, टूलपेटी तीच, छातीवरचा बिल्ला तेवढा बदलला. पहिलं वर्ष पगारही तेवढाच मिळाला. दुसऱ्या वर्षी नवाचे सहा झालो. कुणाला काढलं नाही, गेलेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, एवढंच.

त्याच काळातली एक रात्र तुला कधी सांगितली नाही. मुक्कामाला आलेल्या ए-320 चा चेक चालू होता. पार्किंग ब्रेक लावून मी चाकामागे आडवा झालो आणि ब्रेकच्या वेअर पिनवर टॉर्च मारली. ही पिन ब्रेक झिजेल तशी आत जाते. तीन चाकांना बोटाला लागेल एवढी बाहेर होती. चौथ्याला मात्र पार फ्लश, म्हणजे कडेशी सपाट. नखाने चाचपली, काही लागेना. म्हणजे ब्रेक बदलायचा. पुण्यात सुटा ब्रेक नव्हता. तो मुंबईहून टेम्पोने यायचा होता, म्हणजे पहाटेचं विमान काही वेळेवर सुटणार नव्हतं. मी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहिला, सही केली, खाली लायसन्स नंबर टाकला. विमान पाच तास उशिरा सुटलं आणि विमान कंपनीने त्या उशिराचा दंड कंत्राटदाराच्या बिलातून कापला.

दोन दिवसांनी कंत्राटदाराच्या साहेबाने बोलावलं. चहा मागवला. आवाज चढवला नाही, "सही का केली" असंही म्हणाला नाही. म्हणाला, "पिन खरंच फ्लश होती का?" पुढच्या महिन्यात माझ्या नावापुढे सतरा रात्रपाळ्या होत्या. त्यानंतर मला स्वतःचीच एक गोष्ट खटकायला लागली. टॉर्च मारण्याआधी मनात यायचं, ब्रेक आत्ता पुण्यात असेल का? असा विचार आधी कधी येत नसे.

1996 मध्ये फ्लोरिडात वॅल्यूजेटचं 592 क्रमांकाचं विमान पेटून दलदलीत कोसळलं, 110 माणसं गेली. मालाच्या कप्प्यात मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर होते. ते चुकून चालू होऊन तापू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या सुरक्षा टोप्या बसवायच्या असतात. टोप्या स्टोअरमध्येच नव्हत्या, पण कामाच्या कार्डावर त्या बसवल्याच्या सह्या होत्या. काम बाहेरच्या हँगरला दिलेलं, आणि तिथले पुष्कळसे मेकॅनिक त्या हँगरचेही नव्हते, माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांचे होते. तुला जिथे उभं राहायचंय, साधारण तिथेच ते उभे होते.

पण घरचं तेवढं सोनं असंही समजू नकोस. 2000 साली अलास्का एअरलाइन्सचं विमान समुद्रात पडलं, 88 जण गेले. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या जॅकस्क्रूला पुरेसं ग्रीस नव्हतं, आणि ती देखभाल कंपनीचीच माणसं करत होती.

संप करून हे थांबेल असं म्हणशील, तर 2005 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्ट या विमान कंपनीच्या सुमारे 4,400 मेकॅनिक आणि सफाई कामगारांनी संप केला. कंपनीने बदली माणसं आधीच तयार ठेवली होती. वैमानिकांच्या आणि हवाई सुंदऱ्यांच्या संघटना संपात उतरल्या नाहीत. विमानं उडत राहिली, आणि बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच.

तिथल्या कंपन्यांचं बरंच काम एल साल्वाडोरला गेलं, म्हणजे तिथल्या एखाद्या मनूला नोकरी लागली असणार. त्यामुळे मला नुसती बोटं मोडताही येत नाहीत. आपणही वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत आलो. विमानांचे मोठे चेक, इंजिनं, सगळं परदेशात. इथे दुरुस्तीवर 18 टक्के जीएसटी आणि बाहेरून करून आणली तर 5, मग कोण इथे करील? 2020 च्या एप्रिलपासून इथलाही कर 5 टक्के झाला. तुला आलेलं बोलावणं त्यातलंच असेल. आता एअर इंडियाचंच बघ. 2022 मध्ये ती टाटांकडे गेली, पण तिची इंजिनिअरिंग कंपनी सरकारकडेच राहिली. विमानं एकाची आणि पान्हे धरणारे हात दुसऱ्याचे, अशी घडी पडली.

तेव्हा जा. पण कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचार. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठराविक जातीच्या विमानावर सही करायच्या परवानगीचा, खर्च कोण करणार आणि त्याचा बाँड किती वर्षांचा? कंत्राट मध्येच तुटलं तर अनुभवाचं पत्र कोण देणार, हँगर की माणसं पुरवणारा? आणि सामान नसेल तर काम अर्धं ठेवून कार्डावर तसं लिहिता येतं ना? तिसऱ्याचं उत्तर कोणी तोंडी दिलं तर त्याच्या चेहऱ्याकडे बघ.

लायसन्स हातात पडेपर्यंत लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची वही, स्वतःजवळ ठेव, ऑफिसात देऊ नकोस. काम झालं की त्याच आठवड्यात सही घे. माणसं निघून जातात, मग सहीसाठी फोन करत बसावं लागतं. मी चार महिने करत होतो.

आईने डिंकाचे लाडू बांधलेत. त्याच डब्यात माझा इन्स्पेक्शनचा आरसा जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलाय. त्याचा सांधा सैल झालाय, मान टाकतो. वापरण्याआधी स्क्रू आवळून घे.

तुझा,
बाबा