रणात आणि तहात व्हिलार

महोदय,
फ्रान्सचा सेनापती मार्शल व्हिलार याला स्पॅनिश वारसायुद्धातील मालप्लाकेच्या (1709) लढाईपुरते मर्यादित ठेवणे अन्यायाचे आहे. त्याचे खरे कौशल्य उत्तर फ्रान्समधील दनँला दिसले. 23 जुलै 1712 ला शत्रूने वेढलेल्या लांद्रसी किल्ल्याकडे हूल देऊन तो रातोरात वळला, शेल्ट नदी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी शत्रूची दनँची छावणी जिंकली. पवित्र रोमन सम्राटाचा सेनापती प्रिन्स युजीन याच्या वेढ्याची रसद मार्शियेनच्या कोठारातून दनँमार्गेच जात होती. ती तुटताच लांद्रसीचा वेढा उठला. पुढे जर्मनीतील रास्टाटला तहाच्या वाटाघाटीत समोर युजीनच होता! व्हिएन्नात पूर्वी फ्रान्सचा राजदूत राहिलेल्या व्हिलारला सम्राटाचा दरबार ठाऊक होता. 7 मार्च 1714 च्या तहात फ्रायबुर्ग, ब्रायझाख, केल ही ठाणी फ्रान्सच्या हातून गेली. स्ट्रासबुर्ग आणि लांडाऊ मात्र फ्रान्सकडे राहिले.

– एक वाचक, पुणे