गाणं कापताना नाव कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रील आणि लोककला या विषयावर एका वाचकाचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलंत. मोबाइलवर काय गाजावं याला काही धरबंधच उरला नाही, कसलाही पोरखेळ डोक्यावर घेतला जातो आणि त्यात आपली जाखडी, नमन, दशावतार फरफटत जातात, असं त्यांचं म्हणणं. मी संगमेश्वर तालुक्यातला. बत्तीस वर्षं गावच्या नाचमंडळात मृदंग वाजवला. आता बोटं आखडतात म्हणून मागे बसून झील धरतो, म्हणजे बुवाने, मुख्य गायकाने, टाकलेली ओळ मागून उचलतो. त्या वाचकांची कळकळ मला पटते, पण गाजण्याला काही कारणच नसतं हे पटत नाही. कारण असतं, आणि ते आम्हा नाचवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवा. गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर गेली आणि परदेशातल्या मंदिरांपर्यंतही पोचली. तेव्हा मोबाइल कुणाकडे होता? एसटीडी बूथवर रांगा लागल्या होत्या. मुंबईच्या चाकरमान्याने गावात ज्याच्याकडे फोन होता त्याला सांगितलं आणि तिथून वाडीवाडीत. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचं कारण दिलं, लोकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे काय ते मानलं. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते करून बघायला एक चमचा, वाटीभर दूध आणि घरातला गणपती एवढंच लागत होतं. बातमी नुसती ऐकायची नव्हती, स्वतः करायची होती आणि मग "आमच्याकडेही प्यायला" असं पुढच्याला सांगायचं होतं. जी गोष्ट ऐकणाऱ्याच्या हाताला काम देते, ती पसरते.

आता पंचवीस वर्षं पुढे या. २०२१ च्या जानेवारीत, जग घरात कोंडलेलं असताना, स्कॉटलंडच्या एका पोस्टमनने टिकटॉकवर म्हटलेलं खलाशांचं जुनं गाणं जगभर गाजलं. गाणं न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर देवमाशांची शिकार करणाऱ्यांचं, एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या दिवसांचं. आपल्याकडे टिकटॉकवर २९ जून २०२० लाच बंदी आली होती, त्यामुळे आम्ही ते दुसऱ्या अ‍ॅपवर पाहिलं. माझ्या पुतण्याने दाखवलं आणि मी ते चार वेळा ऐकलं. तो पोस्टमन एकटाच कॅमेऱ्यासमोर हाताने ठेका धरून गात होता. टिकटॉकवर दुसऱ्याच्या व्हिडिओशेजारी आपला व्हिडिओ जोडायची सोय आहे. एकाने खालच्या पट्टीत खर्जाचा आवाज जोडला, दुसऱ्याने वरचा, कुणी व्हायोलिन जोडलं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका गाण्यात येऊन बसली.

संपादक महाशय, ही तर आमची झील! जाखडीत मधे बुवा, मृदंग, झांज; भोवती एका पायात चाळ बांधलेल्या पोरांचं रिंगण. बुवा ओळ टाकतो ती अर्धी सोडून. उरलेली मागच्यांनी उचलायची. बुवाचा आवाज कितीही गोड असो, ओळ उचलायला जागा नसेल तर ते पद गावात टिकत नाही. माझे गुरू नवं पद बसवताना पहिल्यांदा लहान पोरांसमोर म्हणायचे. दुसऱ्या फेरीला पोरं धृपद आपणहून म्हणायला लागली तर पद ठेवायचं, नाहीतर चाल बदलायची. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जबाबाच्या सामन्यातही तेच. शक्तीवाल्याने सवाल टाकला की तुरेवाल्याला जबाब देणं भाग, आणि त्या जबाबासाठी लोक पहाटेपर्यंत बसतात. मोबाइलवरची चॅलेंजं याहून वेगळी नाहीत. २०१४ साली जगभर माणसं डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत होती. त्यात प्रत्येकाने पुढच्याचं नाव घेऊन त्याला आव्हान द्यायचं होतं. म्हणून ते थांबेना, आणि एएलएस या दुर्धर आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेला त्यातून दहा कोटी डॉलरांच्या वर देणगी मिळाली. त्याला पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण जागा सोडली की गाजलंच, असंही नाही. आमच्याच तालुक्यात सरस पदं मागे पडलेली मी पाहिली आहेत. याचा उलगडा मला एका अमेरिकन प्रयोगाबद्दल वाचताना झाला. २००६ साली तो 'सायन्स' या नियतकालिकात आला. संशोधकांनी अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी चौदा हजारांहून जास्त लोकांना इंटरनेटवर ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत होती, तर बाकीच्यांना आधीच्या किती जणांनी ती डाउनलोड करून घेतली याचा आकडाही दिसत होता. हे आकडा बघणारे आठ वेगळ्या गटांत वाटलेले होते. एका गटाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. नुसत्या कानाने निवडणाऱ्यांनी ज्याला सव्विसावा नंबर दिला, ते गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावं! फार चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. पहिल्या थोड्या जणांचा कल जिकडे पडला तिकडे बाकीचे गेले. आणि आपल्या दैनिकात 'व्हायरल' म्हणून जी चौकट येते, तीही त्या कलात भर घालते. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

माझं दुखणं त्या वाचकांच्या दुखण्यापेक्षा वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या मंडळाने म्हटलेल्या एका गवळणीचं धृपद कुणीतरी रेकॉर्ड केलं. कापून अर्ध्या मिनिटाचं झालं आणि एका मोठ्या चॅनलवरून फिरलं. पुण्याच्या लग्नात त्यावर वरात नाचली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण सगळीकडे खाली एवढंच लिहिलेलं: 'कोकणी पारंपरिक गीत'. पारंपरिक? ते पद लिहिणारा माणूस माझ्याबरोबर गुरं राखायला यायचा. गिरणीत बदली कामगार होता. संपानंतर गावी आला आणि वह्यांवर वह्या पदं लिहिली. २०१९ च्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्या बायकोने ते रील पाहिलं आणि विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुठाय?"

नाव होतं. आमच्या पदांत ते शेवटच्या कडव्यात येतं. आधी गुरूचं, मग कवीचं, मग गावाचं. अभंगात 'तुका म्हणे' येतं तसंच. आमच्याकडे दुसरा करारमदार नसतो, तेच कडवं म्हणजे कवीचा सातबारा. रात्रभराच्या नाचात शेवटचं कडवं सगळ्यांच्या कानी पडायचं. रीलला लागतं अर्धं मिनिट आणि तेही धृपदाचं, त्यामुळे पहिल्यांदा उडतं ते शेवटचं कडवं. कापणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असं मी म्हणत नाही. त्याला तिथे नाव आहे हेच माहीत नसतं.

२०२२ मध्ये बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या शेंगदाणेवाल्याची आरोळी देशभर नाचली गेली. मोडक्या मोबाइलच्या बदल्यात दाणे विकताना तो ती म्हणायचा. लोकांना त्याचं नाव कळलं, कारण व्हिडिओत त्याचा चेहरा होता. पद लिहिणारा तर रिंगणात दिसतच नाही.

तेव्हा विनंती एकच. कोकणातल्या गाण्याची, फुगडीची, डबलबारी भजनाची व्हायरल बातमी आपण छापाल तेव्हा आपल्या तालुका वार्ताहराला एक फोन करायला सांगा: पद कुणाचं, गाव कुठलं? उत्तर एका दिवसात मिळतं. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ते ठाऊक असतं. आणि मिळाल्यावर 'पारंपरिक' हा शब्द काढून तिथे ते नाव घाला.

आमच्या मंडळाने आपल्यापुरता एक उपाय केला आहे. त्या कवीचा नातू आता पदं लिहितो. या वर्षीच्या गवळणीत त्याने आजोबांचं आणि गावाचं नाव शेवटच्या कडव्यातून उचलून थेट धृपदात, झीलकऱ्यांच्या ओळीत बसवलं. जुन्या जाणत्यांनी आधी नाकं मुरडली, मीही त्यांत होतो. परवा सरावाला वाडीतली लहान पोरं येऊन बसली होती. दुसऱ्या फेरीला त्यांनी ती ओळ आपणहून उचलली.

आपला,
एक झीलकरी,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी