प्रवेशद्वाराच्या कामाबाबत चौथे पत्र

दि. ३ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
शाहूपुरी, कोल्हापूर

विषय : दर्शनी दाराचे काम, ते झाल्यावर इमारत कशी दिसेल हे न बघताच सुरू करण्याबाबत

स. न. वि. वि.

आधीच्या तीन पत्रांची उत्तरं अजून यायची आहेत. पहिलं १८ ऑगस्टचं, दुसरं २ ऑक्टोबरचं, तिसरं २७ डिसेंबरला मी स्वतः सचिवांच्या हातात दिलं. त्या तिसऱ्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्याच्या कोऱ्या बाजूवर पाण्याच्या टँकरचा हिशेब लिहिलेला मी कार्यालयात पाहिला. कागद वाया गेला नाही, एवढंच समाधान.

मी तक्रारखोर माणूस नाही. ३४ वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, आपले चिरंजीवही माझ्या वर्गात होते, आणि त्यांच्या चित्रातलं घर कायम डावीकडे कललेलं असायचं तरी मी त्यांना कधी कमी मार्क दिले नाहीत. हे एवढ्यासाठी सांगतो, की माझा स्वभाव आपल्याला माहीत असावा.

संक्रांतीच्या सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी सचिवांनी सोसायटीच्या ग्रुपवर नव्या प्रवेशद्वाराचं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र टाकलं. खाली लिहिलं, 'नाद खुळा एंट्री!' दहा मिनिटांत सात अंगठे आणि एक 'लई भारी'. हीच सभासदांची संमती, असं आता सांगितलं जातं. तिळगूळ वाटायच्या गडबडीत माणूस कशालाही अंगठा दाखवतो.

ते चित्र मी मोठं करून, छापून घेऊन, पट्टी लावून पाहिलं. चित्रात रेषा जिथे मिळतात तिथून क्षितिजरेषा काढता येते, आणि ती सापडली की बघणाऱ्याचा डोळा किती उंचीवर आहे ते कळतं. हे सातवीच्या पोरालाही येतं. या चित्रातली क्षितिजरेषा पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यातून जाते. म्हणजे बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून साधारण चौदा फुटांवर आहे. शाहूपुरीत माझं आयुष्य गेलं, चौदा फुटी माणूस अजून दिसलेला नाही. दुसरं, अख्खी दर्शनी बाजू एका नजरेत मावायला निदान साठ फूट मागे जावं लागतं. आपला रस्ता तीस फुटांचा. त्यामुळे चित्रकारानं समोरची इमारत पाडून टाकली आहे. विजेचा खांब नाही, केबलचं जाळं नाही, चहाची गाडी नाही. फूटपाथवर एक गोरी बाई कुत्रं घेऊन चालली आहे. ती कोणाकडे आली आहे, हे सचिवांनीच सांगावं.

या चित्रावर आपण इमारतीचं तोंड बदलणार आहोत.

म्हणून मी स्वखर्चानं पाहणी केली. माणसं खरोखर उभी राहतात अशा पाच जागा ठरवल्या : गल्लीचा कोपरा, चहाच्या गाडीजवळ, रिक्षात बसून, समोरच्या इमारतीची गॅलरी आणि खुद्द आपली पायरी. प्रत्येक ठिकाणी सकाळी, संध्याकाळी पाचला आणि रात्री नऊला, झूम न करता फोटो काढला. रिक्षा आणि गॅलरी सोडली तर सगळीकडे मोबाइल पाच फुटांवर धरला. नंतर ट्रेसिंग पेपरवर नवा बोर्ड, नवे खांब, पायऱ्या मापात काढून त्या फोटोंवर ठेवून पाहिल्या. पंधरा फोटो आणि पंधरा ट्रेसिंग माझ्याकडे आहेत. रविवारी ११ ते १२ कुणीही येऊन पाहावीत. आतापर्यंत दोघं आले, त्यातले एक वर्गणी मागायला.

दिसलं ते असं. गल्लीच्या कोपऱ्यावरून विजेच्या खांबामुळे आपलं अर्धं दार झाकलं जातं. उरतो उजवा दगडी खांब आणि महिरपीचा माथा. त्या माथ्यावरूनच माणूस आपली इमारत ओळखतो. गेल्या आठवड्यात एक रिक्षावाला मला विचारत होता, 'त्या दगडी कमानीची बिल्डिंग ना?' नियोजित बोर्ड नेमका त्या माथ्यावर बसतो. माथ्याच्या दगडात 'शके १८४६' कोरलंय, म्हणजे सन १९२४. शंभरी होऊन गेली, कुणी नारळसुद्धा फोडला नाही, आणि आता त्या अक्षरांवर एसीपीची, म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियम पत्र्याची, पेटी ठोकायची.

चहाच्या गाडीजवळून वेगळंच दिसतं. आपल्या आणि शेजारच्या इमारतीचा पहिल्या मजल्याखालचा दगडी पट्टा एकाच रेषेत जातो. गुळाच्या व्यापाऱ्यांनी शेजारी शेजारी बांधताना एकमेकांच्या दाराकडे पाहून बांधलेलं दिसतं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये इथे गुळाची पेठ वसवली, तेव्हापासूनचा या भागाचा रिवाज म्हणा. चकचकीत पेटी पुढे आली की तो पट्टा मधेच तुटतो, ओळीत बसलेल्या माणसांत एकानंच गॉगल लावावा तसा. गाडीवाल्याला मी ट्रेसिंग दाखवलं. त्यानं मान हलवली. मी ती माझ्या बाजूनं धरतो.

रात्रीचं तर सांगायलाच नको. आपला दगड काळा. काळ्या दगडातलं कोरीव काम दिसतं ते तिरप्या उजेडानं, सावली पडते म्हणून. सध्या डाव्या देवळीत नऊ वॅटचा पिवळा बल्ब आहे, तो चुकून का होईना अगदी योग्य जागी आहे. समोरून पांढऱ्या एलईडीची पट्टी लावली की वेलबुट्टी सपाट होणार आणि गणेशपट्टीवरचा गणपती डांबराच्या गोळ्यासारखा दिसणार.

गणपतीवरून आठवलं. २०२२ मध्ये सीसीटीव्हीची वायर घेताना त्याच गणेशपट्टीत ड्रिल मारलं. भोक गणपतीच्या उजव्या कानापासून दीड इंचावर आहे, मी मोजलं आहे. मी विचारलं तेव्हा सचिव म्हणाले, 'काका, गणपतीला काही झालं नाही ना?' त्याआधी २०१६ मध्ये ढेलजेला, म्हणजे दारातल्या देवडीला, पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, तोही दगडावर. मग सागवानी दाराच्या पितळी फुल्यांना सोनेरी स्प्रे. मग ढेलजेतला लाकडी बाक 'जागा अडवतो' म्हणून गच्चीवर, आणि त्याच जागी सचिवांच्या घरचं चपलांचं कपाट, जे जागा अडवत नाही. मी प्रत्येक वेळी गप्प बसलो. म्हणजे पत्र दिलं, पण आवाज चढवला नाही.

सचिवांचं म्हणणं असं, की पालिकेच्या हेरिटेज यादीत आपली इमारत नाही, तेव्हा आपण मोकळे. यादीत नाही, मान्य. यादीत नाव नसलं तर रेशन मिळत नसेल, वय कमी होत नाही.

पण उपविधी तर आपल्याला लागू आहेत? पंचवीसपर्यंत सभासद असलेल्या संस्थेच्या समितीला सर्वसाधारण सभेला न विचारता दुरुस्तीवर एका वेळी २५,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. आपण १८ सभासद. मी फाइल मागून पाहिली. १६ ते २० जानेवारीदरम्यान चार आगाऊ पावत्या आहेत : २४,५००, २४,८००, २३,९०० आणि २४,९५०. चारही पावत्या 'किरकोळ दुरुस्ती'च्या, चारही एकाच फॅब्रिकेटरच्या, आणि चारही आकडे पंचवीस हजारांच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेले. बेरीज ९८,१५० होते. सदर फॅब्रिकेटर सचिवांचे मेव्हणे आहेत, याचा इथे काही संबंध नाही, म्हणून मी तो मुद्दा काढत नाही.

विशेष सभेची नोटीस आज सकाळी फळ्यावर लागली, सभा रविवारी ८ तारखेला. पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते. ४, ५, ६, ७ असे चारच भरतात. मी हट्ट धरणार नाही, फक्त नोंद व्हावी.

आता रॅम्प. सचिवांच्या मातोश्री खुब्याच्या ऑपरेशननंतर चाकाच्या खुर्चीवर आहेत, त्यांना बाहेर पडता आलं पाहिजे, याबद्दल दुमत असायचं कारणच नाही. मी रोज सकाळी त्यांना पेपरातल्या ठळक बातम्या वाचून दाखवतो. त्यांनाही ही कमान आवडते. तसं त्या बोलल्या नाहीत, पण मी विषय काढला तेव्हा त्यांनी कमानीकडे बराच वेळ पाहिलं. मात्र रॅम्पच्या नावाखाली पुढचा उंबरा आणि दोन पायऱ्या काढायचं चाललंय, तिथे माझं गणित ऐका. एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. आपलं जोतं १८ इंच, म्हणजे रॅम्प १८ फूट. दारापासून गटारापर्यंत जागा आहे सहा फूट. चित्रातला रॅम्प चार फुटांचा आहे. त्यावरून खुर्ची चढणार नाही, उतरली तर थेट चहाच्या गाडीवर जाईल. मागच्या बोळात काँक्रीटचे थर पडून पडून जमीन वर आली आहे, तिथे उंबरा फक्त पाच इंच. पाच फुटांत काम होतं. मागचं दार ३४ इंच रुंद, खुर्ची २५. तिथे सध्या माझ्या ११ कुंड्या आहेत. त्या मी योग्य मुदतीत हलवीन.

पुढचा उंबरा 'ट्रिप होण्याचा धोका' आहे, असं इतिवृत्तात लिहिलंय. आपण कधी वाकून पाहिला आहे का तो? मधोमध दगड झिजून बशीसारखा खळगा झालाय. पावसाळ्यात त्यात पळीभर पाणी साठतं. मोठं दार बंद असलं की सगळे दिंडीतून, म्हणजे त्यातल्या छोट्या दारातून, वाकून आत येतात आणि पाय नेमका तिथेच पडतो, शंभर वर्षं तिथेच पडतोय. त्यावर ग्रॅनाइट बसवणार, पॉलिशचं. पहिल्या पावसात कोण पडतं ते बघू. उजव्या खांबावर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेघा आहेत, कुंभार गल्लीकडून पाणी आलं तेव्हा आपणच खिळ्यानं ओढलेल्या. त्या पत्र्याआड जाणार. शिवाय भिंत चुन्यात बांधलेली. पुरात प्यालेलं पाणी ती महिनोन्महिने दगडांमधल्या सांध्यांतून बाहेर टाकते. वर पत्रा ठोकला तर ओल जाणार कुठे? आत, म्हणजे तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये. तो कोणाचा आहे, आपण जाणता.

या एसीपीत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बहुधा प्लास्टिकचा गाभा असतो, आणि आपल्याकडे सगळे मीटर दारालगत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा 'होतं तसंच उभं राहिलं पाहिजे' असं आख्खं कोल्हापूर म्हणत होतं. सचिवांनीही तसा स्टेटस ठेवला होता, रडक्या चेहऱ्यासकट. १९१५ चं नाट्यगृह होतं तसं हवं आणि १९२४ चं स्वतःचं दार पत्र्यात हवं, याचा मेळ मला लागत नाही. कालच किरणोत्सव झाला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत अंबाबाईपर्यंत पोचावीत, म्हणून वाटेत काय काय आडवं येतं त्याची याच गावात मोजमापं होतात. मी आपल्या दारासाठी तेवढं मागत नाही.

माझ्यावर एक आरोप ग्रुपवर झाला, की काकांनी स्वतः २०११ मध्ये गॅलरीला ॲल्युमिनियमच्या स्लाइडिंग खिडक्या लावल्या, तेव्हा हेरिटेज कुठे गेलं होतं? त्या खिडक्या मागच्या बाजूला आहेत. रस्त्यावरून दिसत नाहीत. मी पाचही जागांवरून तपासलं. शिवाय तेव्हा माझ्या पत्नीला दम्याचा त्रास होता. दोन तिमाहींचा मेंटेनन्स मी निषेध म्हणून रोखला आहे, तीही वेगळी बाब, इथे आणू नये.

माझ्या मताशी इमारतीतले बहुसंख्य सभासद सहमत आहेत. नावं देत नाही, कारण त्यांना सचिवांकडूनच टँकरचं पाणी सोडून घ्यायचं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, 'तुम्ही म्हणताय ते खरं आहे हो, पण मला भाजी फोडणीला टाकायची आहे.' यात 'खरं आहे' हे शब्द स्पष्ट आहेत.

मागणी मोठी नाही. मांडववाल्याला सांगून बोर्डाच्या आणि खांबांच्या खऱ्या मापाचे बांबू आणि कापड आठ दिवस दारावर बांधावं. गणपतीत आपण एवढं दर वर्षी करतो. रात्री त्यावर तीच एलईडी लावावी. सगळ्यांनी येता-जाता पाहावं आणि मग अंगठे दाखवावेत. मांडवाचा निम्मा खर्च मी देतो, तो थकीत मेंटेनन्समधून वळता करावा. तोपर्यंत सभा पुढे ढकलावी, पाचव्या पावतीवर सही करू नये, आणि चपलांचं कपाट ढेलजेतून निघून बाक आपल्या जागी यावा. शेवटच्या मुद्द्याला मांडवाची वाट बघायची गरज नाही.

आपला,
पहिल्या मजल्यावरचा सभासद, फ्लॅट क्र. ६

प्रत माहितीसाठी : मा. उपनिबंधक, सहकारी संस्था. सूचना फळा (कृपया दुसऱ्या नोटिशीखाली लावू नये)

ता. क. : हे पत्र द्यायला खाली आलो तेव्हा फॅब्रिकेटरच्या माणसांनी माप घ्यायला आणलेली शिडी तिथेच होती. ती गणपतीला टेकवून ठेवली आहे. आज रात्रीच काढून घ्यावी.