गिटारमधून ऐकू येणारी अमेरिका

महोदय,

जॅझ म्हणजे फक्त सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट, असं मानणाऱ्यांनी गिटारवादक बिल फ्रिझेलचा १९९३ सालचा ‘हॅव अ लिटल फेथ’ हा अल्बम जरूर ऐकावा. अमेरिकी संगीतकार एरन कोपलंडच्या ‘बिली द किड’ या बॅलेचं ऑर्केस्ट्रासाठीचं संगीत, गायक-गिटारवादक मडी वॉटर्सचा ब्लूज, जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सची रचना, बॉब डिलन आणि मॅडोनाची गाणी, सगळं एका पंगतीत. वादक मात्र पाचच.

कोपलंडच्या ऑर्केस्ट्राचा भार इथे प्रामुख्याने गाय क्लुसेव्हेकचं अकॉर्डियन आणि डॉन बायरनचं क्लॅरिनेट पेलतात. भात्यामुळे अकॉर्डियनचा सूर हवा तेवढा लांबतो. उलट गिटारची तार छेडली की सूर लगेच उतरू लागतो. अमेरिकी संगीतकार जॉन फिलिप सूझाने १८८९ मध्ये एका वृत्तपत्राच्या निबंधस्पर्धेच्या समारंभासाठी रचलेली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ ही कवायतीची धूनही इथे ब्रास बँडविना वाजते. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

सूर हळूच उगवल्यासारखा आणण्यासाठी फ्रिझेल व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं साधन) वापरण्याबद्दल ओळखला जातो. शिकणाऱ्यांनी पेडल बंद ठेवून तार छेडावी आणि मग पाय हळूहळू दाबावा. जोडणीचा क्रम गिटार, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं यंत्र), व्हॉल्यूम पेडल, डिले (प्रतिध्वनी देणारं यंत्र) असा हवा. डिले पेडलच्या आधी जोडला तर पेडल मिटताच प्रतिध्वनीही तुटतो. पाय उशिरा हलला तर सूर तालामागे पडतो, म्हणून तार मात्रेच्या किंचित आधी छेडावी. अल्बम ऐकायची सुरुवात मॅडोनाच्या ‘लिव्ह टू टेल’पासून करावी: दहा मिनिटांत ओळखीची चाल हळूहळू विरघळत जाते.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे