अप्पाकाकांच्या पुण्यस्मरणाचा मजकूर

पुणे

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न.

बाबा, पेपरात द्यायचा मजकूर वाचला. 'कष्टाळू, कुटुंबवत्सल, निसर्गप्रेमी.' खोटं काहीच नाही, पण वरचा फोटो झाकला तर तो सोलापुरातल्या कुठल्याही अप्पांना चालेल. 'सुचलं तर कळव' म्हणालात म्हणून लिहिते. मावेल तेवढं घ्या.

आधी 'जॉबर', म्हणजे माग दुरुस्त करणारा, असं लिहा. पूर्व भागातले मागवाले त्यांना त्याच नावाने ओळखायचे. मी डबा घेऊन शेडवर जायचे तेव्हा एका छपराखाली इतके माग धडधडत असायचे की शेजारच्याशीही खुणेनं बोलावं लागायचं. अप्पा मात्र दारातूनच बोट दाखवायचे, "तिसऱ्याचा ठोका चुकलालाय बे, बंद कर." आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याची वेळ चुकली की तो मागातून उडतो आणि समोर उभ्या असलेल्याचा डोळा जाऊ शकतो, म्हणून ठोक्याच्या बाबतीत ते मालकाचंही ऐकायचे नाहीत. नक्षी उमटवणाऱ्या जेकार्डचंही तेच. त्याच्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक असेल तिथला दोरा वर, नसेल तिथला खाली. एक पत्ता मागंपुढं झाला की चादरीवरच्या मोराची मान तुटते. बाकीचे पत्त्यांची सगळी माळ उतरवायला निघायचे. अप्पा चादर उलटी करून, बोटांनी चाचपून नेमका पत्ता सांगायचे.

त्याच मागांनी त्यांचे कान नेले. या आवाजानं आधी बारीक सूर जातात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आम्ही पोरं "अप्पा, चंडोल!" म्हणून ओरडायचो आणि ते नुसतंच आभाळाकडं बघून हसायचे. माळढोकाचा आवाज मात्र त्यांना शेवटपर्यंत ऐकू यायचा. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो खर्जातला हुंकार अर्धा किलोमीटर सहज जातो. आमच्या आधी अप्पाच हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. 1979 साली तिथं अभयारण्य झालं, तरी त्यांच्या तोंडी ते कायम 'आपला माळ'च राहिलं. झाडं नाहीत म्हणून त्याला कुणी पडीक म्हटलं की चिडायचे. गवत राहिलं नाही तर मादीनं उघड्यावर घातलेलं ते एकुलतं एक अंडं कशाच्या आडोशाला राहणार, असं विचारायचे. एवढं प्रेम असूनही नरावर त्यांचा राग होता. तो पिल्लाचं काहीच करत नाही ना! "नाचायला पुढं, पोर सांभाळायला बायको," म्हणायचे. आई, तेव्हा तू बाबांकडं बघायचीस ते मला चांगलं आठवतंय.

'कुटुंबवत्सल' तर कुणालाही लावतात. त्याऐवजी काकूंची वेणी लिहिता येईल का? अर्धांगानं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा अप्पांनी जास्त पैशाची रात्रपाळी सोडली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते काकूंचे केस विंचरायचे, तीन पेडांची वेणी घालायचे आणि रिबिनीला गाठ मारायचे ती विणकराची. ती संध्याकाळी काकूंना काही केल्या सुटायची नाही. त्यावरून दोघांची रोज भांडणं. ताण्याचा तुटलेला दोरा जोडण्यात सगळं आयुष्य गेलेल्या माणसाला सैल गाठ कशी जमणार!

तुमच्या पॉलिटेक्निकच्या फीचं मी मुद्दाम लिहीत नाही. ते लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा, कारण अप्पांनी ते कधी उच्चारलं नाही आणि तुम्ही कधी विसरला नाहीत.

फोटो तो लग्नातला कोटवाला नको. कोट भाड्याचा होता, खांदे बघितले की कळतं. कानात कापसाचा बोळा असलेला, ग्रीसच्या हातांचा एक आहे. दादाकडं असेल, मागून घ्या.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी येतेय. दुसऱ्या दिवशी गाडी करून काकूंना नान्नजला नेऊ. माळढोक आता तिथं दिसेलच असं नाही, पण काळवीट दिसतील. आई, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेव, पण तव्यापाशी तास तास उभी राहू नकोस, भाकरी विकतची चालेल. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्या, आठवण झाल्यावर नाही. आणि मजकूर छापायला द्यायच्या आधी एकदा काकूंना वाचून दाखवा.

तुमची,
धाकटी