मांजराच्या ट्रेवर पण कुणीतरी लिहायला हवं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात खड्डे, पाणी, भटकी कुत्री सगळ्यावर पत्रं येतात, मी रोज वाचते, पण घरात ठेवलेल्या मांजराच्या शी-शूच्या ट्रेवर कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. विषय घाणेरडा आहे, सकाळी चहाबरोबर वाचणाऱ्यांनी सरळ पुढचं पत्र वाचावं, राग नाही.

निमित्त असं झालं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवस भांडण चालू आहे. डक्टमध्ये वास येतो, तेव्हा ज्यांच्याकडे मांजरं आहेत त्यांनी ती कुठेतरी लांब नेऊन सोडावीत असा एकांनी मेसेज टाकला आणि त्यावर पटापट अंगठे पडले. आता पाळीव प्राणी ठेवू नका असं सोसायटीला सांगता येत नाही हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने केव्हाच स्पष्ट केलंय, आणि पुण्यात तर मांजरांचं पण लायसन्स काढायचं महापालिकेने 2022 मध्ये ठरवलं, म्हणजे मांजर हा घरातला रीतसर मेंबर झाला. पण कायदा दाखवून वास थोडाच जातो. वास येतो हे खरंच आहे. आणि तो मांजराचा नसतो, दोन-दोन दिवस न उपसलेल्या ट्रेचा असतो, हे मी छातीठोक सांगू शकते कारण यातली एकूणएक चूक मी स्वतः करून बसलेय.

मी घरी ब्लाउज शिवते. वन बीएचके, चौथा मजला, सिंहगड रोड. गोट्या नावाचा बोका आणि मनी, दोघंही पार्किंगमध्ये सापडलेली, दोघांची ऑपरेशनं केलेली, आता पूर्णपणे घरातच. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी कामाची एवढी गर्दी होती की दोन वेळचा स्वयंपाक कसाबसा व्हायचा, ट्रे कोण बघतंय, एक दिवस गेला, दोन गेले, तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर कटिंगसाठी काढून ठेवलेल्या कपड्यांवर गोट्याने मनसोक्त कार्यक्रम केलेला. त्यात एका ताईंच्या पैठणीचा ब्लाउजपीस. अंगावर काटा आला हो. मी त्या बोक्याला इतकं ओरडले की तो दिवसभर कपाटावरून खाली आला नाही, ब्लाउजपीसचे पैसे भरले ते वेगळेच, आणि त्या ताई पुन्हा आल्या नाहीत ते नाहीतच.

मग त्याला डॉक्टरकडे नेलं, म्हटलं याला काहीतरी झालंय, वाईट सवय लागलीय. डॉक्टरांनी त्याला हात लावायच्या आधी मला विचारलं, ट्रे कधी साफ केला होता? मी गप्प. ते म्हणाले की तुम्हाला जो वास दाराशी आल्यावर जाणवतो तो त्याला कितीतरी पट जास्त जाणवतो, आणि त्याला तर त्यात पाय ठेवून उभं राहायचं असतं. मांजराचा मूळ पूर्वज वाळवंटाकडचा रानमांजर, पाणी कमी पिऊन भागवणारा, त्यामुळे यांची लघवी मुळात दाट, त्यातल्या युरियावर जंतू बसले की अमोनिया तयार होतो आणि ट्रे तसाच राहिला की डोळ्यांना झोंबायला लागतं. ते बिचारं स्वच्छ कोरडी मऊ जागा शोधणार. माझ्या घरात स्वच्छ कोरडी मऊ जागा म्हणजे गिऱ्हाइकांचे कपडे. दुसरं काय.

त्या दिवसापासून सकाळी दूध तापत ठेवलं की एकदा आणि रात्री ओटा आवरून झाला की एकदा, असं दोन वेळा उपसते. दोन मिनिटांचं काम आहे. मी स्टॉपवॉच लावून नाही बघितलं पण दुधावर लक्ष ठेवून होतं म्हणजे किती असेल तुम्हीच बघा.

ट्रेत जी माती घालतात तिची पण एक गंमत आहे. पूर्वी लोक राख, वाळू, भुसा असलंच काहीतरी खोक्यात घालायचे, अमेरिकेत सुद्धा तसंच. मिशिगनमध्ये 1947 साली थंडीत एका बाईंचा वाळूचा ढीग गोठला म्हणून त्या शेजारच्या एड लो नावाच्या माणसाकडे वाळू मागायला गेल्या, तर त्याने त्यांना कारखान्यात सांडलेलं तेल शोषायला विकतो ती माती दिली, ती इतकी आवडली की बाई परत परत मागायला लागल्या आणि त्यातून त्याचा मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती, जी आपण तोंडाला लावतो ती! हे कळल्यापासून माझी मुलगी फेसपॅक लावायला बसली की मी हसते आणि ती चिडते. आता जी मिळते ती बहुतेक बेंटोनाइट असते, आपल्या कच्छात भरपूर निघते, ओली झाली की फुगते आणि लाडवासारखा गोळा होतो, तो उचलला की खालची माती कोरडी. पण ती दोन-तीन इंच तरी घालावी लागते. काटकसर म्हणून पातळ थर दिला की सगळं तळाशी जाऊन चिकटतं आणि मग खरवडत बसा. ही कंजूषी मी वर्षभर केली, पैसे काही वाचले नाहीत, उलट आख्खा ट्रे दर चार दिवसांनी ओतून द्यावा लागायचा.

आता फुगते म्हटलं त्यावरून दुसरी चूक, आणि ही लिहायला खरंच लाज वाटतेय. पहिल्या वर्षी मी हे गोळे सरळ संडासात टाकून फ्लश करायचे. मला वाटायचं शीच आहे ना, संडासातच जायला पाहिजे, माती काय विरघळून जाईल. विरघळत नाही. पाईपात बसते आणि फुगून घट्ट होते. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूममध्ये पाणी उलटं यायला लागलं, त्यांच्याकडे पाहुणे, प्लंबर आला आणि त्याने सळई घालून करड्या मातीचे गोळे काढले आणि म्हणाला वरती कुणाचं बांधकाम चालू आहे का. मी गॅलरीत उभी होते. तेव्हा बोलले नाही, संध्याकाळी जाऊन काकांना खरं सांगितलं आणि प्लंबरचे पैसे दिले. काका चांगले आहेत म्हणून निभावलं.

मग फ्लश बंद करून पातळ कॅरीबॅगमध्ये भरून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लागले. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारावर येऊन कचरा घेतात. एक दिवस ती पिशवी त्यांच्या हातात फाटली. ताई काही ओरडल्या नाहीत, हात झटकला, पायरीवर बसून नळाखाली धुतला आणि मला एवढंच म्हणाल्या, "वहिनी, लहान मुलाचं असलं तरी आम्हाला हातच लागतो आणि मांजराचं असलं तरी हातच लागतो." संपादक साहेब, पैठणीपेक्षा जास्त लाज मला त्या दिवशी वाटली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यायचा हे पुण्यात बऱ्याच घरांत आता माहीत झालंय, तेव्हापासून मी ट्रेचं पण तसंच करते. गोळे आधी कागदात बांधते, मग न गळणारी जाड पिशवी, तोंड घट्ट गाठ मारून, त्यावर मार्करने ठळक 'मांजर' लिहून, आणि वजन हातात झेपेल एवढंच. माती जड असते हो, आठवड्याचं एकदम साठवून दिलं तर ती पिशवी फाटणारच. आणि ओल्या कचऱ्यात मिसळायचं नाही, त्याचं पुढे खत होतं, ते कुणाच्या तरी भाजीला जातं.

सोसायटीच्या ग्रुपवर मला हेच म्हणायचं होतं पण तिथे कोण वाचतंय. डक्टमधला वास शोधायला मी आणि सेक्रेटरी टॉर्च घेऊन खाली उतरलो तेव्हा तिथे सात-आठ पिशव्या पडलेल्या होत्या, कुणीतरी वरून टाकलेल्या. कुणी ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. त्यांची बाई सुट्टीवर गेली की ट्रेला कुणी हात लावत नाही, वास असह्य झाला की पिशवी खिडकीतून खाली. मांजर आपण आणायचं, फोटो आपण टाकायचे, आणि घाण मात्र कामवाल्या मावशींनी, झाडूवाल्याने नाहीतर खालच्या मजल्याने काढायची, हे मला पटत नाही. मावशींना तर मी कधीच सांगितलं नाही. त्यांना काढायचं तर आधी विचारावं, वेगळे पैसे द्यावेत, हातमोजे द्यावेत.

आणखी एक, फिनेल. आपल्याकडे वास आला की फिनेल ओतायचं ही पद्धत, मी पण ट्रे फिनेलने खसाखसा धुवायचे, घर कसं हॉस्पिटलसारखं दरवळायचं. डॉक्टर म्हणाले आधी ते बंद करा. फिनॉलसारखे पदार्थ मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, आणि हा प्राणी दिवसभर स्वतःचे पंजे चाटतो, म्हणजे ट्रेला जे लावलं ते पोटात गेलंच. ब्लीचिंग तर लघवीच्या ट्रेत अजिबात नको, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, आपल्यालाच खोकला लागतो. गरम पाणी आणि थोडा भांड्याचा साबण बास झाला, नीट खळबळून उन्हात वाळवायचा. आता पावसाळ्यात ऊन कुठून आणणार, तर मी एक जास्तीचा ट्रे घेऊन ठेवलाय, एक वाळेपर्यंत दुसरा. ट्रे म्हणजे काय, दुकानातले छोटे असतात, गोट्या त्यात बसला की मागचा अर्धा बाहेर, म्हणून मी बाजारातून मोठा प्लास्टिकचा टब आणला आणि एका बाजूने कापून दार केलं, कड घासून गुळगुळीत केली. मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी पाहिजे म्हणतात. आणि जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, असा पण नियम सांगतात, म्हणजे आमच्याकडे तीन. वन बीएचकेमध्ये तीन ट्रे ठेवून आम्ही कुठे झोपायचं? तो जास्तीचा सोडला तर मांडलेले दोनच आहेत, एक ड्राय बाल्कनीत आणि एक शिलाई मशीनच्या मागच्या कोपऱ्यात, आणि दोनच आहेत म्हणून तर दोन वेळा उपसणं चुकवता येत नाही. पावसात बाल्कनीतला ट्रे आत ओढायचा, नाहीतर झड येऊन मातीचा चिखल होतो आणि मनी त्या चिखलाची रांगोळी थेट गादीपर्यंत काढते.

आता ज्यामुळे हे पत्र खरं तर लिहितेय ते. मागच्या मार्चमध्ये रात्री उपसायला गेले तर मनीच्या ट्रेत नेहमीसारखं, आणि गोट्याच्या ट्रेत लघवीचा एकही गोळा नाही. रोज त्याचे दोन-तीन असतात. त्याच दिवशी सकाळी पण एवढासा खडीसाखरेएवढा होता. मग लक्ष ठेवलं तर तो ट्रेत जाऊन बसतोय, जोर करतोय, बाहेर येतोय, परत जातोय, आणि बारीक ओरडतोय. आमचे हे म्हणाले बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघू. मी ऐकलं नाही, रिक्षा केली. बोक्यांची मूत्रनळी मुळात अरुंद, त्यात खडे नाहीतर चिकट पदार्थ अडकला की लघवी तुंबते, आणि पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस ॲडमिट होता, आता ओलं खाणं आणि जागोजागी पाण्याच्या वाट्या. डॉक्टर म्हणाले बरं झालं रात्रीच आणलंत. मी ट्रे तीन दिवसांनी उपसणारी राहिले असते तर मला काय कळणार होतं, कोणाचे किती गोळे? म्हातारं मांजर अचानक भरपूर आणि मोठे गोळे करायला लागलं तरी दाखवून आणावं, किडनी किंवा शुगर असू शकते. रक्त तपासायला हजारो लागतात, हे रोज फुकट कळतं.

आणि एक भीती आहे ती पण जाता जाता. माझी भाची बाळंतपणाला आली तेव्हा शेजारणीने, आईने, सगळ्यांनी सांगितलं मांजर काढा, बाळाला धोका. भाचीच्याच डॉक्टरांना विचारलं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या शीतून येऊ शकतो हे खरं, पण ताज्या शीत तो लगेच लागण करण्याच्या अवस्थेत नसतो, त्याला निदान एक दिवस लागतो, म्हणजे रोज उपसलेल्या ट्रेत त्याला तेवढी सवडच मिळत नाही. बाहेर न जाणाऱ्या, कच्चं मटण न खाणाऱ्या मांजरात तो असण्याची शक्यता पण कमी. गरोदर बाईने ट्रेला हात लावू नये, दुसऱ्या कुणीतरी करावं, आणि कच्चंपक्कं मटण, न धुतलेली भाजी यातूनही तोच जंतू येतो तिकडे पण बघावं असं त्या म्हणाल्या. मांजरं घरातच राहिली, भाचीला मुलगी झाली, छान आहे, आता मनीच्या शेपटीच्या मागे रांगते.

तर मागणं दोनच. महापालिकेने मांजराचं लायसन्स देताना ट्रेचा कचरा कुठल्या डब्यात, कसा बांधून द्यायचा याचं एक साधं मराठीतलं पत्रक हातात द्यावं. आणि पेट शॉपवाल्यांनी मातीची पिशवी विकताना 'संडासात टाकू नका' एवढं तोंडाने सांगावं, पिशवीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असतं ते आमच्यासारख्यांना वाचता येत नाही.

राहिलं एक. रोजचे गोळे मी तुमच्याच पेपरात गुंडाळते, कृपया राग मानू नका, आधी पूर्ण वाचते मगच. रविवारची पुरवणी जाड असल्यामुळे दोन दिवस पुरते. हे पत्र छापून आलं तर ते पान मात्र कापून ठेवीन.

आपली,
एक जुनी वाचक, सिंहगड रोड, पुणे