आईची खडूची ओळ

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "गूगलवर तू लिहितेस खरी, पण ते वाचून कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही." फोन ठेवल्यावर मी आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या गूगलवरच्या पानावरच्या (नकाशावर दुकान शोधलं की उघडतं ते) सगळ्या पोस्ट एका बैठकीत वाचून काढल्या. बाबा, तुमचं बरोबर आहे. "सायकलची सर्व कामे खात्रीशीर केली जातील." "एकदा अवश्य भेट द्या." दर आठवड्याला तेच, फक्त शब्द फिरवलेले. चूक माझी आहे. ती कशी सुधारायची ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

दारातली पाटी आठवा. तिच्यावर रंगाने लिहिलेली कायमची ओळ होती, ती कोणी वाचत नसे. त्याखाली आई खडूने लिहायची, "आज दुपारी बंद. तयार सायकली चारनंतर मिळतील." ते मात्र जाणारा-येणारा थांबून वाचायचा, कारण ते त्या दिवसाचं होतं. पोस्टची जागा ही खडूच्या ओळीची आहे. आपलं नाव, पत्ता, वेळा, कामाचा प्रकार हे सगळं पानावर वर आहेच. मी खालीही तेच पुन्हा लिहीत बसले.

ते पान कोण उघडतं, याचा मी विचारच केला नव्हता. ज्याला सायकलशी काही घेणंदेणं नाही, तो तिथे येतच नाही. येतो तो काहीतरी शोधत. चाक वाकलंय, ब्रेक लागत नाही, मुलाची सायकल कितीतरी दिवस पडून आहे. त्याला आपली स्तुती नको असते. ती आपण करण्यापेक्षा जुन्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या अभिप्रायांतून त्याला जास्त पटते. त्याला कळायला हवं असतं की माझं नेमकं काम इथे होतं का, आणि सायकल ठेवून जावी लागेल का. "चाक डुगडुगत असेल तर आऊट काढून, म्हणजे सरळ करून देतो. तारा तुटलेल्या नसतील तर बहुतेक वेळा थांबून घेऊन जाता येतं." एवढ्या दोन वाक्यांत त्याचं काम होतं. बाबा, हे तुम्ही दिवसातून किती वेळा तोंडी सांगता! गिऱ्हाईक जे वारंवार विचारतं, त्याचं उत्तर म्हणजेच पोस्ट. माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं.

म्हणून यापुढे लिहायचं आईने. मजकुराची मर्यादा 1500 अक्षरांची आहे, पण तेवढं लिहायची गरज नाही. सुरुवातीच्या एक-दोन ओळीच समोर दिसतात, बाकीचं वाचायला दाबावं लागतं. तेव्हा मुद्दा पहिल्या ओळीत. "आम्हाला कळवण्यास आनंद होतो की" अशी सुरुवात नको. आणि मजकुरात आपला फोन नंबर लिहायचा नाही. गूगलच्या नियमात ते बसत नाही, पोस्ट नाकारली जाते. माझी एक पोस्ट अशीच अडकली होती आणि मी उगाच नेटवर्कला दोष देत होते. त्याऐवजी खाली कॉल करण्याचं बटण जोडायचं. ते पानावर दिलेला नंबरच लावतं.

फोटो बाबांच्या हातांचा हवा. चाकाच्या मधला हब खोललाय, त्यातले छर्रे धुऊन ठेवलेत, ग्रीस भरणं चाललंय, असा. मी आजवर नेटवरून उचललेल्या चकचकीत नव्या सायकली टाकत होते, आणि आपण तर नव्या सायकली विकतही नाही. आकाराची काळजी करू नका. किमान 400 बाय 300 पिक्सेल लागतात, फोनचा साधा फोटोही त्याहून मोठा असतो. दिवसाउजेडी काढा आणि त्यात गिऱ्हाइकाचा चेहरा येऊ देऊ नका.

दर आठवड्याला लिहिण्याचा हट्टही आता सोडूया. 2017 मध्ये या पोस्ट सुरू झाल्या तेव्हा साधी पोस्ट सात दिवसांनी खाली जायची, आणि तोच जुना सल्ला मी धरून बसले होते. आता ती सहा महिन्यांनी मागे पडते. सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहा. शाळा उघडण्याआधी ओव्हरऑयलिंगचं, म्हणजे सायकल पूर्ण खोलून साफ करून तेल-ग्रीस करण्याचं काम घ्यायचं असेल, तर ते आधी दोन-तीन आठवडे सांगा, गर्दी झाल्यावर नाही. सवलत द्यायची असेल तर "ऑफर" हा प्रकार निवडून सुरुवातीची आणि शेवटची तारीख घालावी. बाबा, ती तारीख पाळायची. संपली की संपली. एखाद्या दिवशी बंद असाल तर नुसती पोस्ट पुरत नाही, त्या दिवसाची वेळही पानावर बदलायला हवी. नकाशा पाहून लांबून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा येत नाही.

आणखी एक, आणि हे सगळ्यात मनावर घ्या. "आम्ही गूगलकडून बोलतोय, पैसे भरा नाहीतर तुमचं पान बंद होईल" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पान ठेवायला गूगल पैसे घेत नाही. शोधात कोण वर येणार हे शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतं असं ते स्वतः सांगतात, आणि पैसे देऊन ती जागा विकत मिळत नाही, हेही. फोनवर आलेला कोड कोणालाही वाचून दाखवू नका, मी म्हणून बोलणाऱ्यालाही नाही. मला पासवर्डची गरज नाही. बाबा मालक म्हणून राहू देत, मला मॅनेजर म्हणून जोडा.

किती जणांनी कॉल केला, किती जणांनी रस्ता विचारला, हे पानावर दिसतं. ते मी इथून बघत जाईन. पण माझा जास्त भरवसा आईच्या वहीवर आहे. नवीन माणूस आला की "कसं कळलं?" एवढं विचारून नावापुढे लिहून ठेव. लोकांनी गूगलच्या पानावरून तयार केलेल्या मोफत वेबसाइट 2024 च्या मार्चमध्ये बंद झाल्या. तिथलं काहीही उद्या बदलू शकतं. वही आपली आहे.

आई, पहिली पोस्ट या आठवड्यात लिही. मला आधी दाखवू नकोस, तुझी तू टाक. मागच्या महिन्यात बाबांनी ती गंजून बसलेली छोटी सायकल पुन्हा चालती केली, तिच्याबद्दल लिहिलंस तर मला फार आवडेल. मागच्या चाकाचं अडकलेलं फ्रीव्हील कसं सोडवलं, ते बाबांना विचार. ते सांगतील तसंच लिही.

तुमची,
ताई